स्पर्शासाठी घडवलेली कला आणि आडवी दोरी

मागच्या महिन्यात आई लंडनला आली असताना तिला शहराबाहेरच्या एका लहानशा कलादालनात घेऊन गेले. छतापासून गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या धातूच्या शेकडो पोकळ नळ्या, त्यांच्यामधून माणसाने चालत जायचे आणि अंगाच्या धक्क्याने जो नाद उठेल तीच कलाकृती, अशी ती रचना होती. आम्ही पोहोचलो तेव्हा पुढे दोरी बांधलेली होती आणि पाटीवर लिहिले होते की, सुरक्षेच्या कारणास्तव आत प्रवेश बंद आहे, कृपया स्पर्श करू नये. आई बराच वेळ त्या निश्चल नळ्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, पण मग ही वाजते कशी?" मला उत्तर देता आले नाही.

लंडनमध्ये हा प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयातल्या टर्बाइन हॉल या भव्य दालनात आय वेवे या चिनी कलावंताने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. त्या खऱ्या नव्हेत, चिनी मातीच्या. जिंगदेझेन या चिनी शहरातल्या सुमारे १,६०० कारागिरांनी घडवलेल्या आणि हाताने रंगवलेल्या अशा दहा कोटी बिया होत्या. त्यांच्यावरून चालावे, बसावे, मुठीत घेऊन पाहावे, म्हणजे जवळून एकेक बी वेगळी आणि दुरून सगळा एकच करडा पट्टा, हे पायाखाली आणि तळहातावर कळावे, अशी योजना होती. परंतु लोक चालू लागले तसतशा बिया एकमेकींवर घासून बारीक धूळ उडू लागली, आणि ती दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास अपायकारक ठरू शकते म्हणून दोन-तीन दिवसांतच चालणे बंद करण्यात आले. त्यानंतर मे २०११ पर्यंत आलेल्या लोकांनी त्या बिया फक्त कडेने पाहिल्या. अर्धा तास चालून जाणाऱ्या प्रेक्षकापेक्षा दिवसभर तिथे उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीत ती धूळ अधिक गेली असती, हे लक्षात घेतले की तो निर्णय मला योग्यच वाटतो. तरीही ज्या कामाचा अर्धा अर्थ पायांना कळणार होता, ते काम त्या दिवसापासून अर्धेच उरले, हेही तितकेच खरे आहे.

नियमांच्या बाजूने बोलताना मला २००६ चा जुलै आठवतो. उत्तर इंग्लंडमधल्या चेस्टर-ल-स्ट्रीट येथील उद्यानात माणसांनी आत शिरून फिरावे अशी हवा भरलेली एक प्रचंड रंगीत कलाकृती उभारली होती. ती वाऱ्याने जमिनीवरून उचलली गेली आणि दोन स्त्रियांचा मृत्यू झाला. इथे राहून मी हे शिकले की "काही होत नाही, जा पुढे" हे आपल्याकडे सहज उच्चारले जाणारे वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते. इथले लोक नियमांचा बाऊ करतात, असे कुणी म्हटले की मी या देशाची बाजू घेते, कारण माझे रोजचे निर्धास्त जगणे याच नियमांवर उभे आहे.

पण १९७४ चा इथला आरोग्य आणि सुरक्षा कायदा प्रत्येक गोष्टीला दोरी बांधा, असे सांगत नाही. आपल्या कामामुळे कर्मचाऱ्यांना आणि इतर लोकांना धोका होऊ नये यासाठी व्यवहारतः जेवढे वाजवी असेल तेवढे करा, असे तो सांगतो. त्यात कलाकृती दुरुस्त करणेही येते. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन कलावंताचे १९७१ चे टेट गॅलरीतले प्रदर्शन याचे उत्तम उदाहरण आहे. लाकडी उतार, दोर आणि लोटायचे गोल यांवर लोक चढले, घसरले, त्यांना खरचटले, आणि ते प्रदर्शन आठवडाभरही चालले नाही. तेच २००९ मध्ये टेट मॉडर्नने अधिक सुरक्षित साहित्यातून पुन्हा उभे केले आणि लोक पुन्हा त्यावर चढले. म्हणजे अडतीस वर्षांनी का होईना, "बंद" या उत्तराच्या पुढे कुणीतरी विचार केला. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये टर्बाइन हॉलच्या फरशीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली, तेव्हाही काही जण त्यात अडखळले. तरी सूचना देऊन ती भेग उघडी ठेवली गेली. स्पर्शासाठी घडवलेली वस्तू बंद करावी लागली, तर तिच्यापुढची दोरी कधी निघणार हेही पाटीवर लिहिले पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

आमच्या त्या दालनातल्या देखरेख करणाऱ्या बाईंना मी कारण विचारले. छतातले काही हूक सैल झाले आहेत, तपासणी व्हायची आहे, तारीख ठरलेली नाही, असे त्यांनी अगदी अजिजीने सांगितले. मग आईकडे पाहून त्या थांबल्या, दोरीच्या अलीकडूनच हात लांब केला आणि कडेची एक नळी तळहाताने हलकेच ढकलली. ती शेजारणीवर आपटली, ती पुढच्या दोघींवर, आणि नाद खोलीच्या आतल्या टोकापर्यंत सरकत गेला. आईने डोळे मिटले होते. आवाज पूर्ण विरल्यावर तिने मला विचारले, "आत उभं राहून कसं ऐकू येत असेल गं?"

तो प्रश्न आणि तपासणीची तारीख, या दोन्ही गोष्टी मी त्या दालनाला पत्राने विचारल्या आहेत. आईचा परतीचा प्रवास पुढच्या रविवारी आहे.