२००८ चा उंच खांब

फोर्टमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात पर्यटन व्यवसायासाठी अहवाल तयार होतात. २०२३ च्या पावसाळ्यात भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांचा वर्षवार आलेख माझ्याकडे होता. गेटवेवरून घारापुरीला पर्यटक नेणारे एक जुने गाईड त्या दुपारी मुलाखतीसाठी आले. चहा येईपर्यंत ते स्क्रीनकडे बघत होते. मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, आठ सालचा खांब सातपेक्षा उंच कसा?”

“काका, पर्यटक वाढलेच होते त्या वर्षी. ५०.८ लाखांवरून ५२.८ लाख.”

“वाढले? डिसेंबर आमचा कमाईचा महिना. हल्ल्यानंतर मी धक्क्यावर नुसता बसून असायचो. फॉरेनर दिसायचा नाही.”

मला उत्तर देता येईना. आकडा बरोबर होता आणि काकाही खरंच सांगत होते. मुलाखत थांबवून मी महिनावार तक्ते उघडले.

हल्ला झाला २६ नोव्हेंबरला. वर्षाची बेरीज तोवर जवळपास पूर्ण झाली होती. बरं, महिने बघूनही चटकन कळत नाही, कारण डिसेंबर २००८ चा आकडा सप्टेंबरपेक्षा चांगला वर आहे. हंगामच तो. डिसेंबरसमोर आदल्या वर्षीचा डिसेंबर ठेवला तेव्हा कुठे साधारण एक दशांशाची घट दिसली. जानेवारी २००९ ची घट त्याहून मोठी निघाली. २००९ चं पूर्ण वर्ष ५१.७ लाखांवर आलं.

ही सगळी घट मुंबईच्या हल्ल्यामुळेच झाली, असंही मला लिहिता येईना. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली होती, जगभर लोकांनी खर्च आवरता घेतला होता. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. शिवाय हे आकडे इमिग्रेशनच्या नोंदींवरून काढलेले, सबंध देशाचे. मुंबई टाळून केरळला गेलेला माणूसही त्यात आहेच. काकांचा रिकामा धक्का त्यात कुठून दिसणार?

मग २०२० बद्दलही मनात शंका आली. त्या वर्षी २७.४ लाख, २०२१ मध्ये १५.२ लाख. खांब बघून वाटतं, दुसरं वर्ष जास्त वाईट गेलं. पण २०२० मधले जवळपास २५ लाख लोक मार्चअखेरपर्यंतच येऊन गेले होते. आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाल्यावर एप्रिलमध्ये देशभरात तीन हजारही आले नाहीत. एप्रिलनंतरचे महिने धरले तर २०२१ मध्ये पर्यटन हळूहळू सावरत होतं, आणि माझ्या आलेखात ते वर्ष सगळ्यात बुटकं होतं. हे मी तसंच छापायला देणार होते, याचं मला फार वाईट वाटलं.

खांब काढून टाकले. महिन्यांची रेघ ओढली, प्रत्येक महिना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. काकांनी चष्मा लावून डिसेंबर २००८ चा खड्डा शोधला आणि बराच वेळ तिथेच बघत राहिले.

मुलाखत सुरू झाली तेव्हा सहा वाजले होते. छापील प्रश्नावली मी बाजूला ठेवली आणि पहिलं विचारलं, “काका, त्या डिसेंबरात तुमच्या आठवड्याला किती फेऱ्या व्हायच्या?”