पार्वोची लस : सोळाव्या आठवड्यापर्यंतचा माझा अनुभव

“पहिली लस झाली ना, मग आता कशाला एवढी काळजी?” आमचं कुत्र्याचं पिल्लू तांबू घरी आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. पार्वो हा कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. पिल्लाला त्यापासून वाचवायचं तर काही आठवडे चालणारी डोसांची मालिका पूर्ण करावी लागते आणि तिच्यातला शेवटचा डोस सगळ्यात मोलाचा असतो. नेमका तोच राहून गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

तांबू आली तेव्हा सात आठवड्यांची होती. आई रस्त्यावरची; तिला कधी कुठली लस मिळाली होती का, हे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तांबूचं वजन घेतलं, ताप मोजला, हिरड्या पाहिल्या, शी तपासायला घेतली आणि जंतांचं औषध दिलं. अंगात ताप नाही, खाणंपिणं नीट आहे, पिल्लू खेळतंय, याची खात्री झाल्यावर त्यांनी पहिला डोस टोचला. पार्वो, डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस या कुत्र्यांच्या तिन्ही विषाणूजन्य रोगांची ती एकत्र लस होती. एका छोट्या बाटलीत कोरडी वडी, दुसरीत द्रव. दोन्ही माझ्यासमोर मिसळून लगेच वापरलं. या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. उन्हात राहिलेली लस दिसायला तशीच दिसते, पण तिचा उपयोग होईलच असं नाही. त्यामुळे लस विकत आणून घरच्या घरी टोचण्याच्या मी ठाम विरोधात आहे. बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांची सही, एवढं सगळं कार्डावर आलं की मगच आम्ही दवाखान्यातून निघायचो.

पुढचे डोस तीन-तीन आठवड्यांनी, म्हणजे दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मी विचारलं, “डॉक्टर, लस तीच, मग पुन्हा पुन्हा कशासाठी? ताकद वाढावी म्हणून का?”

“तसं नाही,” ते म्हणाले. “यांतला एक जरी डोस नीट लागू पडला तरी पुरतं. फक्त कोणता लागू पडेल, ते आज तिच्याकडे बघून मला सांगता येत नाही.”

हे मला नवीन होतं. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पितं आणि त्यातून आईच्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाला अडवणारी रक्तातली प्रथिनं, त्याला मिळतात. आईने बांधून दिलेली ती शिदोरीच. दर नऊ-दहा दिवसांनी ती साधारण निम्मी होत जाते. भरपूर असते तोवर पार्वोचा विषाणू पिल्लाचं काही करू शकत नाही. पण लसीतला विषाणूही त्याच अँटीबॉडींच्या हाती सापडतो आणि पिल्लाच्या शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला वावच मिळत नाही. पुढे असे काही दिवस येतात, की उरलेल्या अँटीबॉडी खऱ्या रोगाला थोपवायला कमी पडतात, लसीला अडवायला मात्र पुरतात. पिल्लासाठी सगळ्यात धोक्याचे दिवस हेच. ते कधी येतील, हे आईच्या रक्तात किती अँटीबॉडी होत्या आणि पिल्लाने चीक किती प्यायला यावर ठरतं. त्यामुळे एका विणीतल्या भावंडांतही फरक पडतो. कुणाची शिदोरी सहाव्या-आठव्या आठवड्यात संपते, कुणाची सोळाव्यापर्यंत पुरते. म्हणूनच वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, नंतर दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर, असंच सांगितलं आहे. हे कळल्यावर मधली एकही तारीख मी पुढे ढकलली नाही.

तांबूची बहीण दुसऱ्या घरी गेली होती. तिचाही पहिला डोस वेळेवर झाला होता. दुसऱ्याची तारीख यायच्या आधीच तिने खाणं सोडलं, कोपऱ्यात पडून राहू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि मग घाण वासाची, रक्त पडलेली शी. शीची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूपच उतरल्या होत्या. शरीरात ज्या पेशी झपाट्याने नव्या तयार होत असतात त्यांच्यावरच हा विषाणू हल्ला करतो. आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पेशी तयार करणारी अस्थिमज्जा दोन्ही एकदमच खचतात, म्हणजे आतड्यातले जिवाणू रक्तात शिरायला वाट मिळते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी मात्र उरलेल्या नसतात. त्यात उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी संपतं. २०२३ मध्ये अमेरिकेत पार्वोवरच्या एका अँटीबॉडी इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली, पण बहुतेक ठिकाणी उपचार म्हणजे आजही सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक आणि जमेल तितक्या लवकर थोडं थोडं खाऊ घालणं. उपचार वेळेवर आणि नीट मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात. नाही मिळाले तर बहुतेक जातात. तांबूची बहीण वाचली. तिच्या माणसांनी रात्र रात्र जागून काढल्या होत्या.

त्यानंतर कुणीतरी मला म्हणालं, “बघ, लस देऊनही झालाच ना!” हे ऐकून मी फार अस्वस्थ झाले, कारण असं बोलणं ऐकून माणसं पुढचे डोस सोडून देतात. तिच्या बाबतीत पहिल्या डोसाला आईच्या अँटीबॉडींनी अडवलं असणार, ही शक्यता सगळ्यात जास्त होती. अशा पिल्लांसाठीच तर पुढचे डोस असतात.

ती आजारी असताना मी तिला भेटायला गेले नाही. मन खूप ओढत होतं, पण हा विषाणू माणसाला आजारी करत नसला तरी बुटांवरून, कपड्यांवरून, हातांवरून घरी येतो. आजारी कुत्र्याच्या शीतून तो अफाट संख्येने बाहेर पडतो, लक्षणं दिसायच्या आधीपासूनच, आणि मातीत कित्येक महिने तग धरतो. १९७८ मध्ये हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला, यात त्याच्या या चिवटपणाचा वाटा आहेच. शिवाय तेव्हा कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती.

बाहेरचे बूट दाराबाहेर ठेवायचे, ही शिस्त घरातल्या सगळ्यांनी पाळली. साफसफाईसाठी फिनाईल किंवा हाताला लावायच्या सॅनिटायझरवर मी विसंबले नाही. पार्वोवर त्यांचा भरवसा नाही. घरगुती ब्लीच चालतं. आधी फरशीवरची घाण आणि शू साबणाच्या पाण्याने पूर्ण काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण पसरून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर स्वच्छ पाण्याने पुसायचं. घाण तशीच असेल तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्ची पडतो. शू असलेल्या जागी थेट ब्लीच तर ओतूच नये, त्रासदायक वायू तयार होतो. मातीच्या अंगणात मात्र ब्लीचने काहीच साधत नाही, त्यामुळे जिथे अनोळखी कुत्री येऊन गेली असतील अशा जमिनीवर तांबूला सोडायचंच नाही, हा एकच मार्ग होता.

पण म्हणून तिला घरात कोंडून ठेवायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. या काळात ज्याची ओळख होत नाही, त्याची भीती पुढे बसते. तांबूला मी कडेवर घेऊन रोज बाहेर न्यायचे. गाड्यांचे आवाज, लहान मुलं, छत्र्या, सायकली, सगळं तिने माझ्या हातातून पाहिलं. लसीकरण पूर्ण असलेला मैत्रिणीचा मोठा कुत्रा आमच्या घरी यायचा, त्याच्याशी ती मनसोक्त खेळायची. दवाखान्यातही ती माझ्या मांडीवरच बसायची, जमिनीवर पाय नाही.

डोसांचा त्रास म्हणाल तर एक संध्याकाळ सुस्ती आणि टोचलेल्या जागी छोटी गाठ, एवढंच. तोंड सुजलं, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा पिल्लू एकदम गळून गेलं तर ताबडतोब परत यायचं, असं सांगून ठेवलं होतं. दर वेळी टोचल्यावर थोडा वेळ आम्ही तिथेच थांबायचो. तेराव्या आठवड्यात रेबीजची लसही झाली.

सोळाव्या आठवड्याचा डोस झाल्यावर डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. वयाच्या सहा महिन्यांच्या आसपास, म्हणजे पिल्लू २६ आठवड्यांचं झाल्यावर, आणखी एक डोस द्यायचा, म्हणजे एखादं पिल्लू सोळाव्या आठवड्यातही राहून गेलं असेल तर तेही सुरक्षित होतं. नाहीतर शेवटच्या डोसानंतर निदान चार आठवड्यांनी रक्तातल्या अँटीबॉडी तपासायच्या. एवढ्या अवधीत आईच्या अँटीबॉडी उरलेल्या नसतात, म्हणजे ज्या सापडतील त्या पिल्लाच्या स्वतःच्याच. आम्ही चाचणी केली. पार्वो, डिस्टेंपर, हिपॅटायटिस, तिन्हींच्या अँटीबॉडी सापडल्या. निगेटिव्ह आली असती तर आणखी एक डोस देऊन पुन्हा तपासावं लागलं असतं. आता या तिन्हींची लस तीन वर्षांनी. लेप्टोस्पायरोसिसची मात्र दरवर्षी घ्यावी लागते आणि रेबीजची स्थानिक कायद्याप्रमाणे, म्हणून त्यांच्या तारखा मी कार्डावर वेगळ्या रंगाने लिहून ठेवल्या आहेत.