खचलेल्या पायऱ्या: उचलून झाल्या, आता खालची भरणी

ठोकळा तीन पायऱ्यांचा, सलग काँक्रीटचा. रुंदी ४ फूट, प्रत्येक पायरी ६ इंच उंच आणि १ फूट खोल. जोत्याकडची बाजू ४५ मिमी खाली बसलेली, पुढची फक्त १० मिमी. म्हणजे उतार उलटा, घराकडे. कारण बहुतेक ठिकाणी असतं तेच: पायाची खणती काळ्या मातीनेच बुजवली, थर देऊन धुम्मस (ठोकून दाबणी) केली नाही आणि वर पायऱ्या ओतल्या. त्यात गच्चीचा पाइप शेजारीच सुटतो. ही माती ओली झाली की फुगते, उन्हात आकसते. पायऱ्या मागे कलल्या की पाणी भिंतीशी मुरतं आणि माती अजून बसते. म्हणून जॅक लावण्याआधी पाइप ६ फूट लांब वळवला. ते न करता पायऱ्या उचलणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आधी हातोडीने सगळीकडे ठोकून पाहावं. आत वीट आणि वरून प्लास्टर किंवा शहाबादी फरशी असेल तर उचलायच्या भानगडीत पडू नये, सांधे सुटतात. तोडून नव्याने बांधाव्यात. हा ठोकळा भरीव निघाला: १२ घनफूट, घनफुटाला साधारण ६८ किलो, म्हणजे ८०० किलोच्या वर. पुढची कड जमिनीवर ठेवून फक्त मागची उचलायची, पण उंच पायरी मागे असल्याने जॅकवर निम्म्याहून जास्त भार येतो. तरी ५ टनी दोन बॉटल जॅक पुरेसे. खरी अडचण जॅकखाली असते: माती मऊ असेल तर पायऱ्या वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो.

म्हणून दोन्ही बाजूंना मुरूम लागेपर्यंत खणलं, इथे तो दीड फुटावर लागला. तळाला ६ इंच जाडीचा, १ फूट रुंद, २ फूट लांब १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा पॅड, ७ दिवस पाणी. पॅडच्या भिंतीकडच्या अर्ध्यावर कायमचा टेकू, पुढच्या अर्ध्यावर जॅक. जॅकच्या डोक्यावर १२ मिमी जाड लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर एका जागी भार येऊन काँक्रीटचा कपचा उडतो.

जोत्याशी चिकटलेलं प्लास्टर ग्राइंडरने कापून ठोकळा मोकळा केला. हे राहिलं तर कोपरा तुटतो. घसरू नये म्हणून पुढे दोन लोखंडी खुंट्या. मग दोन्ही जॅक आळीपाळीने, एका वेळी ५ मिमीच. एक बाजू पुढे गेली की ठोकळा पिळतो आणि आडवी भेग पडते. दर १० मिमीला टेकूवर लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, विटा नाहीत, त्या फुटतात. हात खाली घालायचा नाही, पट्टी लाकडाने ढकलायची. मागची बाजू एकूण ५० मिमी उचलली. आता ३ फुटांत १५ मिमी बाहेरचा उतार मिळतो.

मऊ माती कोरून काढल्यावर मागच्या २ फुटांत सरासरी ६ इंच पोकळी आहे, म्हणजे ४ घनफूट. त्याला एक गोणी सिमेंट आणि ५ घनफूट चाळलेली वाळू. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतकं वाहतं हवं. कडा सिमेंट-वाळूच्या सुक्या मसाल्याने बंद करून एकाच बाजूने ओतायचं, समोर हवेला भोक ठेवायचं; दोन्हीकडून ओतलं तर मध्ये हवा अडकते. साधा मसाला आकसतो, पाणी वर येऊन तो खाली बसतो, म्हणून वरचा अर्धा इंच मोकळा ठेवून तिथे न आकसणारं ग्राउट (भरणीचा तयार मसाला) भरायचं.

पायऱ्यांच्या तुटलेल्या कडांना ग्राइंडरने १० मिमी खोल काटकोनी काप, तारेचा ब्रश, पृष्ठभाग ओला पण पाणी साचलेलं नाही. त्यावर सिमेंट आणि एसबीआर लेटेक्सचा (पकड वाढवणारं रबरी द्रावण) पातळ थर, आणि तो ओला असतानाच १:३ (सिमेंट, वाळू) लेटेक्सचा मसाला. कडेला शून्यावर संपणारा पातळ थर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. लेटेक्सच्या मसाल्याला दीड-दोन दिवस ओलं गोणपाट पुरे, मग हवेवर वाळू द्यावा.

जोत्याजवळची १२ मिमी फट सिमेंटने भरायची नाही: फोमची दोरी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरण, कारण घर आणि पायऱ्या पुढेही वेगवेगळ्याच हलणार. पावसाळ्यानंतर पाणी भरलेल्या लेव्हल नळीने चारही कोपऱ्यांची पातळी पुन्हा मोजायची.