भाज्याच्या टाक्यापासून कॅम्पातल्या पंगतीपर्यंत

लोणावळा लोकल मळवलीला थांबली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. श्रावणातला रविवार, त्यामुळे डब्यातली निम्मी पोरं लोहगडाला निघालेली. मी आणि माझी भाची भाजे लेण्यांच्या वाटेला लागलो. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की गाव, आणि गावामागून लेण्यांच्या पायऱ्या. भाचीला तिथली शिल्पं बघायची होती. मला टाकी बघायची होती.

"पाण्याची टाकी? मावशी, त्यासाठी एवढ्या लांब?"

तिला कारण सांगायचं तर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरापासून सुरुवात करावी लागते. माझी आजी माळकरी. एकादशी कधी चुकली नाही, हरिपाठ झाल्याशिवाय जेवली नाही. रात्री अंगणात पडल्यावर ती नाथांची गोष्ट सांगायची. काशीहून कावडीनं आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला घालायचं होतं, वाटेत वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं, आणि नाथांनी सगळी कावड त्याच्या तोंडी रिकामी केली. माझा रामेश्वर मला इथंच भेटला, असं नाथ म्हणाले, हे सांगताना दरवेळी तिचा गळा दाटून यायचा.

दुपारी मोळी घेऊन एक बाई यायची. तिनं पाणी मागितलं की हीच आजी ओट्यावर उभी राहून तांब्या उंच धरायची. बाई खाली वाकून ओंजळ पुढे करायची. तांब्याला बोट लागता कामा नये. अर्धी धार ओंजळीत, अर्धी तिच्या कोपरावरून मातीत. मी सात-आठ वर्षांची असेन. एका रात्री विचारलं, "आजी, नाथांनी गाढवाला पण वरूनच पाणी पाजलं होतं का गं?" आजी काही बोलली नाही. तिनं कूस बदलली. त्या रात्री पुढची गोष्ट झाली नाही.

तेव्हापासून कुठल्याही धर्माच्या दारात गेले की माझे डोळे आधी पाणी शोधतात. ते कुठे ठेवलंय, कोण काढतं, कुणी हात घातलेला चालतो. पोथ्या मी नंतर वाचते.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांचं सागवान डोक्यावर असलं की माणूस आपोआप हळू आवाजात बोलतो. पुढे थोड्या अंतरावर चौदा स्तूपांचा समूह आहे. इथं राहून गेलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, ती स्मारकं, त्यांतल्या काहींवर नावंही कोरलेली. देवाची मूर्ती नाही, गाभारा नाही. ज्या माणसांनी डोकं शांत ठेवून आयुष्य काढलं, त्यांची आठवण तेवढी. मला हे फार आवडतं.

टाकी कातळातच खोदलेली. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने. त्यामुळे लेणी म्हटली की झोपायला ओटा आणि प्यायला टाकं हे आलंच. इथल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचं देयधर्म, म्हणजे धर्मदान, ही पोढी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेख इथं संपतो. मोठा सरदार माणूस, पण स्वतःच्या पराक्रमाबद्दल एक अक्षर नाही. मला हवं ते इतकंच होतं. बाजूलाच घाटाची वाट, वर लोहगड आणि विसापूर. व्यापाऱ्यांचे तांडे इथून उतरायचे. तहान लागलेला प्रत्येक जण काही भिक्षू नसणार.

भाची टाक्याच्या काठाशी बसली. पाणी हिरवं, वर पानं तरंगत होती. "हे पीत असतील?"

"गाळून," मी म्हटलं. भिक्षूजवळ ठेवायच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचं फडकं असतं. तीन चीवरं म्हणजे वस्त्रं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि हे फडकं. पाण्यातला जीव आपल्या तहानेसाठी मरू नये म्हणून. जैनांनी हीच गोष्ट आणखी पुढे नेली. आमच्या वाड्यात एक जैन काकू होत्या. पाणी गाळून झालं की गाळण्यात उरलेलं त्या जपून परत विहिरीत सोडायच्या. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, दुसऱ्या नाही, कारण ते जीव त्या पाण्यातले. याला जिवाणी म्हणतात हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त त्यांचा हात दिसायचा. तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा तो हात विहिरीत उतरायचा. अहिंसेवरची पुष्कळ व्याख्यानं मी ऐकली आहेत. तो हात विसरले नाही.

आनंदाची गोष्टही तिथंच सांगितली. बुद्धाचा शिष्य आनंद एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या मातंग मुलीकडे पाणी मागतो. ती म्हणते, भन्ते, मी हीन जातीची. तो म्हणतो, बहिणी, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितलं. भाची बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग इतकं जुनं सांगितलेलं असताना पणजीनं तसं का केलं?"

तिला उत्तर देता आलं नाही. आम्ही उतरलो.

परतीच्या लोकलनं देहूरोडला उतरलो. 25 डिसेंबर 1954 या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी इथं रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956ची, म्हणजे ही प्रतिष्ठापना त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. भाज्यापासून हे ठिकाण लोकलच्या काही स्टेशनांवर, पण त्या टाक्याच्या काठावरून इथपर्यंत यायला या मातीला दोन हजार वर्षं लागली, आणि मध्ये महाडचं चवदार तळं लागलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला होता. तरी 20 मार्च 1927ला ओंजळभर पाणी प्यायला हजारो माणसांना चालत जावं लागलं. विहारात आम्ही थोडा वेळ बसलो. एक आजोबा नातवाला पंचशील म्हणायला शिकवत होते. तो तिसऱ्या शीलावर अडखळला की ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत.

पुणे स्टेशनवरून रिक्षानं गंज पेठ. महात्मा फुले वाडा. इथं मी दर वर्षी येते, तरी दारातून आत शिरताना छातीत काहीतरी हलतं. पेशवाईत नानासाहेबांनी 1750च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पुण्यात पाणी आणलं. पेठांतल्या हौदांत ते खेळायचं. काम खरंच देखणं होतं, आणि त्या हौदांशी अस्पृश्यांना जागा नव्हती. अशा शहरात 1868 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ठराव नाही, मिरवणूक नाही. घरातलं पाणी. याआधी वीस वर्षं, 1848 साली, त्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि त्यापायी घर सोडावं लागलं होतं. तरी मला वाटतं हौद उघडणं जास्त अवघड होतं. शाळेतून संध्याकाळी माणूस घरी परततो. हौद घरातच असतो. सोयरे-धायरे येणार, बघणार, पाणी न पिता उठणार.

सत्यशोधक समाज त्यानंतर पाच वर्षांनी, 24 सप्टेंबर 1873ला स्थापन झाला. आधी हौद, मग समाज. हा क्रम मी भाचीला दोनदा सांगितला.

जोतीरावांच्या निधनानंतर 1891 साली छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून महंमदी आणि मुलगा सत्यधर्मी, तरी चौघांनी एकाच निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, लेकरं म्हणून एका घरात प्रेमानं राहावं. या घरात चौघांचा माठ एकच असणार. जोतीरावांनी माठाचं लिहिलेलं नाही, ते मी धरून चालते.

तिथून चालत कॅम्पाकडे निघालो. वाटेत भवानी पेठ आणि नाना पेठ. ज्ञानोबांची पालखी पालखी विठोबाला उतरते आणि तुकोबांची निवडुंग्या विठोबाला. त्या दिवशी इथल्या प्रत्येक दारात पाणी, चहा, केळी असतात. मुसलमान मोहल्ल्यातली पोरंही बाटल्या वाटत उभी असतात. वारीत कुणीही कुणाच्या पाया पडतं, वय आणि जात न बघता. हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाबाहेर आहे, आणि विठ्ठलाचं दार सर्वांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. आजीची गोष्ट आणि आजीचा तांब्या एकाच घरात होते, तसंच हे.

नाना पेठेत अग्यारी आहे. आत पारशी नसलेल्याला जाता येत नाही, म्हणून बाहेरूनच नमस्कार केला. अग्नीइतकंच पाणीही त्यांना पवित्र. आवां महिन्यातल्या पाण्याच्या परबाला पारशी कुटुंबं पाण्याकाठी जाऊन फुलं वाहतात. चांगला विचार, चांगलं वचन, चांगलं कर्म ही तीन सूत्रं सगळ्यांना माहीत असतात. पाणी घाण करणं हे पाप, हेही त्याच धर्मात आहे, आणि ते आज मुळा-मुठेच्या काठावर राहणाऱ्या आपल्याला ऐकवायला हवं. थोडं पुढे एका मशिदीच्या भिंतीला माठ ठेवले होते, साखळीला बांधलेला पेला. करबल्यात इमाम हुसेन आणि त्यांची मुलंमाणसं फुरात नदीच्या काठी तहानेनं व्याकुळ झाली होती, त्या आठवणीनं मोहरममध्ये सबीली, म्हणजे पाणपोया, लागतात. माठ मात्र बारा महिने असतात. भाचीनं पेलाभर पाणी प्यायलं. कुणी विचारलं नाही, तू कोण.

कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात पोचेपर्यंत दिवे लागले होते. डोक्यावर ओढणी घेतली, पाय धुतले. लंगरची प्रथा गुरू नानकांपासूनची. तिसरे गुरू अमरदास यांनी तिला शिस्त लावली: आधी पंगत, मग संगत. भेटायला येणारा कितीही मोठा असो, आधी खाली सर्वांबरोबर बसून जेवायचं. याच गुरूंनी गोइंदवालला 84 पायऱ्यांची बावडी बांधवली, कुणीही उतरावं आणि पाणी प्यावं म्हणून. आमच्या उजव्या हाताला कुठल्याशा कंपनीचा पट्टा गळ्यात असलेला मुलगा होता, डावीकडे फुगे विकणारी बाई आणि तिची दोन लेकरं. सतरंजी एकच. डाळ आली, भाजी आली. मग रोट्या घेऊन सेवेकरी आला.

भाचीनं ताट पुढे केलं. त्यानं हसून मान हलवली. रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात जोडून ओंजळीत घ्यायची असते. मी रांगेकडे बघितलं. कंपनीतला मुलगा, फुगेवाली, तिची लेकरं, पलीकडचे पगडीतले वयस्कर गृहस्थ, सगळ्यांच्या ओंजळी पुढे आलेल्या.

माझीही ओंजळ पुढे झाली. त्यानं वाकून रोटी ठेवली. त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली.