विमान लेट झालं की दहा हजार मिळतात म्हणे!

हिवाळा लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो, विमान दोन तास लेट झालं की कंपनीला दहा हजार द्यावेच लागतात, हा तुमचा हक्क आहे, पुढे पाठवा वगैरे. आणि आमचे काकाजी तो दरवर्षी अंगठा देऊन पुढे पाठवतात. तर राजे हो, असं काही नाहीये. आपल्या देशात डोमेस्टिक विमान नुसतं लेट झालं म्हणून रोख भरपाई द्यायचा नियमच नाही, दोन तास होवो की पाच तास.

मग आहे काय? डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, त्याचा २०१० चा नियम आहे, नंतर त्यात बदल होत गेले. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला विमान दोन तास लेट झालं की खायला-प्यायला द्यायचं. आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगलोर, हैदराबाद काहीही घ्या, सगळी या अडीच तासांतच बसतात, म्हणजे नागपूरकराला दोन तासांचाच हिशोब लक्षात ठेवायचा. सहा तासांच्या वर जाणार असेल तर सहा तासांच्या आत दुसरं विमान नाहीतर टिकिटाचे पूर्ण पैसे परत, यातलं काय पाहिजे ते तुम्ही सांगायचं. चोवीस तासांच्या वर गेलं तर हॉटेल. रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधलं विमान असेल तर सहा तासांच्या वरच हॉटेल लागू होतं. बस.

पैशाची गोष्ट सुरू होते ती विमान कॅन्सल झाल्यावर, आणि तेही चोवीस तास आधी कळवलं नसेल तर. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांच्याला ७,५००, त्याच्या वर १०,०००. फॉरवर्डमधले दहा हजार बहुतेक इथूनच उचललेले दिसतात. पण त्यातही मेख आहे, हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे नागपूर-पुणे ३,२०० च्या मूळ भाड्यात काढलं असेल तर ७,५०० विसरा, ३,२०० आणि वर फ्युएल चार्ज लागला असेल तेवढाच. आणि धुकं, वादळ, संप, एटीसी म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलची अडचण, सिक्युरिटी असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण निघालं तर तेही नाही. बुकिंगमध्ये एजंटनं स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून ठेवला असेल तरी अडतं, कारण तुमचा नंबरच नव्हता तर कळवायचं कुणाला असं म्हणायला कंपनी मोकळी. सीताबर्डीत टिकिटं काढणाऱ्यांनी एवढं तरी तपासाच.

आता खरी गंमत बघा. कॅन्सल केलं तर पैसे, सहा तासांच्या वर गेलं तर रिफंड, आणि त्याच्या आत राहिलं तर सँडविच. मग कंपनी काय करेल? माझे भाऊ-वहिनी लग्न आटपून पुण्याहून परत येऊन राहिले होते, रात्री नऊच्या सुमाराचं विमान. आधी पाऊण तास पुढे ढकललं, मग परत तासभर, मग परत, असं हप्त्या-हप्त्यानं सरकवत अडीचच्या आसपास उडवलं. साडेपाच तास. सहाच्या आतच! मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण हिशोब असा बरोबर बसला की शंका येतेच ना बाप्पा. काउंटरवर पोरगी बोर्डिंग पासच्या मागे शिक्का मारून एक थंडगार व्हेज सँडविच आणि छोटा ज्यूसचा डबा देत होती, ज्याला मागता आलं त्याला मिळालं, जे खुर्चीत झोपले त्यांना कोणी उठवायला गेलं नाही.

वहिनी मात्र बँकेत नोकरी केलेली बाई, तिनं तिथंच बसून कंपनीला मेल टाकला की लेट व्हायचं कारण लिहून द्या. काउंटरवर सांगत होते ऑपरेशनल कारण, मेलवर उत्तर आलं हवामान. आणि त्याच रात्री दुसऱ्या कंपनीचं नागपूरचं विमान उडालेलं, बोर्डाचा फोटो वहिनीच्या मोबाईलमध्ये. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हा फोटो आणि तो मेल हीच कामाची गोष्ट, भांडण नाही.

कॅन्सलला पैसे आणि नुसत्या लेटला काही नाही, हे भोक युरोपातही होतं. तिथला २००४ चा नियम, ज्याला २६१ म्हणतात, त्यात ठरलेली भरपाई कॅन्सल झालेल्या आणि चढू न दिलेल्या लोकांसाठी होती, लेटसाठी लिहिलेली नव्हती. मग २००९ मध्ये त्यांच्या कोर्टानं सांगितलं की तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलेला माणूस आणि कॅन्सलवाला माणूस, त्रास सारखाच, पैसेही सारखेच. २५०, ४०० नाहीतर ६०० युरो, अंतरावर, भाड्यावर नाही. विमान बिघडलं हे कारणही तिथं सहसा चालत नाही. आपल्याकडची जी पोरं जर्मनीत शिकून राहिली त्यांनी एक लक्षात ठेवा, नागपूर-दोहा-फ्रँकफर्ट जाताना आखाती कंपनीचं विमान असेल तर हा नियम नाही, पण एकाच बुकिंगवर येताना फ्रँकफर्टहून निघालात तर लागू, नागपूरला किती उशिरा उतरलात ते मोजतात. चार तासांच्या वर असेल तर पूर्ण ६००.

आपल्याकडे ते भोक बुजवायचं तर सध्या एकच रस्ता, ग्राहक आयोग. रेल्वेच्या एका केसमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की उशीर का झाला हे रेल्वेनंच सिद्ध करायचं, नाही केलं तर भरपाई द्या. गाडी चार तास लेट झाली, त्या कुटुंबाचं पुढचं विमान चुकलं, तर टॅक्सीचे १५,००० आणि बुकिंगच्या खर्चाचे १०,००० मिळाले, वर त्रासाचे थोडे. केस रेल्वेची, पण विमान कंपनीसमोर मांडायला कोण अडवतं? वहिनीचा फोटो आणि मेल कामाला येतात ते इथंच. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे नागपूरलाच, तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी एअरसेवा या विमान प्रवाशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा, नंबर मिळतो, कंपनीला उत्तर द्यावं लागतं. मात्र झालेल्या खर्चाच्या पावत्या पाहिजेत, नुसता मनस्ताप झाला एवढ्यावर फार हाती लागत नाही असं माझं मत.

वहिनीला एअरसेवानंतर कंपनीचा फोन आला, पुढच्या प्रवासासाठी व्हाऊचर देतो म्हणे, सहा महिन्यांत वापरा. रिफंड असो की भरपाई, तुमच्या सहीच्या संमतीशिवाय व्हाऊचर गळ्यात मारता येत नाही असं नियमातच आहे, हे तिला माहीत होतं. तिनं सांगितलं की सकाळच्या मिटिंगसाठी भावानं दुसऱ्याला पाठवलं त्याच्या गाडीभाड्याची पावती जोडलेली आहे, तेवढे खात्यात टाका. अजून टाकून राहिले.