नळी, टोप आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

आई फोनवर म्हणाली, "दर वर्षी नाताळच्या जेवणाचे नुसते फोटो पाठवतेस. या वेळी इथे करून घाल." २०२४ च्या नाताळात मी चौदा वर्षांत पहिल्यांदाच डिसेंबरात गिरगावात असणार होते (तिकीट कितीला पडलं ते विचारू नका), त्यामुळे सबब सांगायला जागा नव्हती.

तिकडे, म्हणजे न्यू जर्सीत, सणाच्या जेवणाचा विचार मांसापासूनच सुरू होतो. बाकीचं ताट मागाहून ठरतं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, तेव्हा टर्की. ती पार दगड होऊन फ्रीझरमध्ये पडलेली असते आणि ठरावीक रकमेची खरेदी केलीत तर काही दुकानं फुकटही देतात. पहिल्या वर्षी मी चौदा पौंडांची, म्हणजे सव्वासहा किलोंची टर्की आदल्या रात्री बाहेर काढली. फ्रिजमध्ये ती सुटायला चार-पाच पौंडांमागे एक दिवस लागतो, म्हणजे सरळ तीन दिवस. आम्ही त्या रात्री पिठलं-भात खाल्ला. त्या टर्कीच्या पोटात कागदी पिशवीत मान आणि कलेजी ठेवलेली असते. तिकडचे लोक त्याची ग्रेव्ही करतात, मी तिखट रस्सा करते, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या पक्ष्यापेक्षा तोच बरा लागतो.

नाताळला जरा मोकळीक असते. हॅम बहुतेक शिजवलेलंच मिळतं, नुसतं गरम करायचं. हौशी लोक प्राइम रिब, म्हणजे बीफच्या बरगडीचा मोठा तुकडा, भाजतात. मी मेंढीच्या कोकराची मागची तंगडी भाजते. ती चांगली तीन-साडेतीन किलोंची असते, वर चरबीचा पांढरा थर, आत गुलाबी राहिली तरी मऊ. आई फोटो बघायची ते याच तंगडीचे.

मुंबईत पहिली अडचण आली ती कालनिर्णयात. नाताळ होता बुधवारी. वार चांगला, पण महिना मार्गशीर्ष, आणि दुसऱ्याच दिवशी २६ तारखेला त्यातला शेवटचा गुरुवार. आईचं उद्यापन. सकाळी कलश मांडायचा, संध्याकाळी सवाष्णी हळदीकुंकवाला येणार. तिकडे मोठं मांस करायचं ते उरावं म्हणूनच. पुढचे तीन दिवस सँडविच आणि सूप चालू असतं. इथे आईची अट उलटी होती: "बुधवारी रात्री घरात एक हाडूक दिसता कामा नये."

त्या अटीत टर्की बाद झाली. वांद्र्याला आगाऊ सांगून मिळते, पण अकरा माणसांनी एका बैठकीत ती संपवणं शक्यच नव्हतं. प्राइम रिबचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात चालत नाही, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या मांसावरही बंदी आहे, मिळतं ते म्हशीचं. राहिलं आपलं मटण.

तिकडे दुकानात 'मटण' म्हटलं तर म्हाताऱ्या मेंढीचं समजतात. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि बोकड हा कोकरापेक्षा फार वेगळा प्राणी आहे हे मला कळतं असं मला वाटत होतं. आमच्या खाटकाकडे मी मंगळवारी सकाळीच गेले. "अख्खी रान द्या, मागची, तीन किलोंची." तो हसला. "ताई, तीन किलोंची रान ज्याची असेल तो बोकड नाही, आजोबा असेल. तुमचे दात जातील." मग त्याने लहान बोकडाच्या दोन राना काढून दिल्या, एकेक जेमतेम दीड किलोची. मांस गुलाबी, चरबी पांढरी. पिवळट चरबी असली तर जनावर जून, हे त्याने भाचीला शिकवलं. तिला 'रान' शब्दाचंच हसू येत होतं, जंगल विकत घेतोय म्हणून. भाव किलोला आठशेच्या घरात. "नळी मोडून देऊ?" त्याने विचारलं. मी नको म्हणाले, कारण फोटोत तंगडी अख्खी दिसायला हवी होती. घरी आल्यावर रान २८ लिटरच्या ओटीजीत (आईच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) तिरकी धरूनही जाईना. परत जाऊन एकीची नळी मोडून आणली. परत आल्याचं त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

दुसरी अडचण फ्रिजची. मंगळवारी आई स्वतः खात नाही आणि तिच्या दुधादह्याशेजारी कच्चं मटण रात्रभर ठेवायला ती तयार नव्हती. म्हणून मी डबा घेऊन खोताच्या वाडीत गेले. तिथल्या आमच्या आंटीला मी लहानपणापासून ओळखते. ती ईस्ट इंडियन. हे नाव त्या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं, पण घरातली भाषा मराठीच. तिच्याकडे आधीच सोरपोतेल मुरत पडलेलं होतं, इंदियालची तयारी चालली होती (दोन्ही डुकराच्या मांसाचे प्रकार), आणि रात्री मिसाला जायचं होतं. तरीही तिने थंड पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून माझ्या डब्याला जागा केली, आणि झाकण उघडून आत काय लावलंय ते बघितलं. रोजमेरी, लसूण, मिरपूड, ऑलिव्ह तेल.

"हे काय, गवत लावलंस होय?" म्हणाली. मग रोस्ट कसं करायचं ते सांगत बसली. मुंबईतल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या ओव्हन नव्हताच, त्यामुळे त्यांचं रोस्ट म्हणजे टोपातलं. तेलावर मांस सगळ्या बाजूंनी लाल करायचं, अख्खा मसाला, आलं-लसूण, सिरका, थोडं पाणी, घट्ट झाकण, झाकणावर पाणी, आणि मंद आच. शेवटी त्याच रसात बटाटे. एका रानेवरची माझी रोजमेरी तिने धुऊन टाकली आणि तिला स्वतःच्या हाताने सिरका आणि बॉटल मसाला चोळला. हा मसाला ईस्ट इंडियन बायका उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि वर्षभर जपून वापरतात, तेव्हा दोन चमचे देणं ही साधी गोष्ट नव्हे.

तर बुधवारी एक रान ओटीजीत आणि एक टोपात. आईने पपईचा तुकडा वाटून लावायचा सल्ला दिला. तो मी टाळला, कारण रात्रभर पपई लागलेल्या मटणाचा बाहेरून लगदा होतो आणि आतून ते होतं तसंच राहतं.

मी तिकडून मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला होता. अमेरिकी सरकारचा तक्ता मला पाठ आहे: कोंबडी, टर्की ७४ अंश, कोकराची अख्खी तंगडी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबणं. ओटीजीतल्या रानेने सव्वा तासात ६३ गाठले. मी विजयी मुद्रेने ती बाहेर काढली, कडेचा तुकडा कापला आणि चावत बसले. चावतच बसले. बाबांनी विचारलं, "झालं?" मला बोलता येईना. ६३ हा आकडा मांस खाल्ल्याने आजारी पडू नये म्हणून आहे, ते मऊ होण्याशी त्याचा संबंध नाही. कोकराच्या अंगावर चरबी असते आणि स्नायू कोवळे, म्हणून ते गुलाबी खाता येतं. बोकड पळणारा, सडसडीत. त्याच्या मांसातले चिवट पडदे विरघळायला नव्वदीच्या आसपासची उष्णता बराच वेळ मिळावी लागते. हे सगळं मला माहीत होतं. फक्त अकरा माणसं बाहेर बसलेली असताना आठवलं नाही.

मग ट्रेमध्ये पाणी, वर फॉइल, आच १५० वर, आणि बाहेर चहाचा दुसरा घाणा. टोपातली रान तोवर शांतपणे शिजत होती. आईने दोनदा "कुकरला लाव" म्हटलं. मी ऐकलं नाही, पण ती चुकीचं सांगत नव्हती.

जेवायला साडेनऊ झाले. ओटीजीतली शेवटी २२० वर उघडी ठेवून वरून छान कुरकुरीत झाली, पण नळीकडची बाजू थोडी कोरडी पडली. टोपातली हाडावरून आपोआप सुटत होती. फोटो पहिलीचे चांगले आले. संपली दुसरी आधी. मांस कापायच्या आधी वीस मिनिटं तसंच ठेवायचं म्हटल्यावर "गरम आहे तोवर वाढ ना!" असा गलका झाला, आणि मी दहावर तडजोड केली. टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर कापायचा तिकडचा सोहळा इथे कोणाला नको होता. सगळ्यांची नजर नळ्यांवर. एक बाबांना विनाचर्चा, दुसरीवरून भाचा-भाचीत भांडण. बाबा ताटावर नळी ठोकत राहिले, आतलं सगळं निघेपर्यंत. आत्या मार्गशीर्ष अख्खा पाळते, तिच्यासाठी वालाचं बिरडं होतं, आणि त्यातलं निम्मं मटण खाणाऱ्यांनीच संपवलं.

उरलेले चार बटाटे आणि रस खालच्या वॉचमनकडे गेला. आंटीचा टोप रात्री अकराला घासून पोचवला. ओटीजी लिंबाने पुसला, खिडक्या उघड्या टाकल्या.

गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. केळं आणि पोथी पदरात घेतली, कलशाला नमस्कार केला, आणि उठता उठता हवेत नाक वर करून आईला हळूच म्हणाल्या, "सिरका होता ना गं? शुक्रवारी सांग मला कसं केलंत ते."