पांढऱ्याची बाटली शेवटी

पांढऱ्या गणवेशातला सैनिक रंगवायचा असेल, तर पांढऱ्या रंगाची बाटली शेवटपर्यंत उघडायची नाही. घरात हे कुणाला पटत नाही. "अहो, कोट पांढराच आहे ना त्याचा? मग हे चिखलासारखं काय फासताय?" हा प्रश्न आमच्याकडे दर नव्या पलटणीला विचारला जातो आणि दर वेळी मी तितक्याच उत्साहाने उत्तर देतो. ऐकणारं माणूस तोवर स्वयंपाकघरात पोचलेलं असतं.

सैनिक म्हणजे टाचेपासून डोळ्यांपर्यंत 28 मिलिमीटरचा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्यांना हा नाद समजावून सांगावा लागत नाही. फक्त आमच्यातल्या काहींचा किल्ला भाऊबीजेनंतर मोडलाच नाही, आणि मावळ्यांशेजारी नेपोलियनच्या काळातले ऑस्ट्रियन येऊन उभे राहिले. टेबलावर पलटणी मांडायच्या, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि जुनी लढाई पुन्हा लढायची. लढाई एखाद्या रविवारी होते, बहुतेक रविवारी होत नाही. रंगवणं मात्र चालूच असतं.

पांढरा रंग मुळात हट्टी. पातळ लावला तर खालचं सगळं दिसतं, जाड लावला तर खडू घासल्यासारखा दिसतो आणि कोटाच्या चुण्या बुजून जातात. खरी अडचण पुढेच आहे. निळ्या कोटावर ऊन दाखवायला फिकट निळा असतो, लाल कोटावर नारिंगीकडे झुकता येतं. पांढऱ्याच्या वर जाणार कुठे? म्हणून सुरुवात खालून करायची. आधी राखाडीकडे झुकणारा मातकट रंग, मग चुण्यांत पाण्यासारखा पातळ तपकिरी वॉश, त्यावर कोऱ्या मांजरपाटाचा रंग, त्यावर हस्तिदंती. खांद्याच्या कडेला, बाहीच्या कोपराला, गुडघ्याला अगदी शेवटी पांढऱ्याचा ठिपका. तेवढ्यावर डोळा फसतो आणि सगळा कोट पांढरा समजतो.

इतिहासही याच्याच बाजूने आहे. सप्तवार्षिक युद्धातल्या, म्हणजे 1756 ते 1763 मधल्या, फ्रेंच पायदळाचा कोट पांढरा म्हणतात, पण ती न रंगवलेली लोकर होती. धनगराकडची पांढरी घोंगडी ज्याने हाताळली आहे त्याला ती छटा लगेच कळेल: थोडी पिवळट, थोडी करडी. रंगवायचा खर्च वाचतो, हे लाखभर माणसांना कपडे पुरवणाऱ्या राजाला महत्त्वाचं. नेपोलियनच्या वेळी फ्रेंच पायदळ निळ्यात होतं. नीळ समुद्रापलीकडून यायची आणि समुद्र इंग्रजांच्या हातात, म्हणून 1806 मध्ये त्याने पुन्हा पांढऱ्या कोटांचा घाट घातला. काही पलटणींना ते मिळालेही, पण पुढच्याच वर्षी बेत गुंडाळला. ऑस्ट्रियाने मात्र पांढरा सोडला नाही. 1866 मध्ये कोनिगग्रेट्झला प्रशियाकडून मार खाल्ल्यावरच त्यांचं पायदळ गडद निळ्यात गेलं.

आता सगळ्यात किचकट जागा. या पांढरट कोटावर छातीवरून पांढरे चामडी पट्टे जातात. ते पांढऱ्या मातीने घासून उजळवलेले, म्हणजे कोटापेक्षा नक्कीच पांढरे. पट्टा आणि कोट एकजीव झाले की सैनिक साबणाच्या वडीसारखा दिसतो. उपाय एकच: दोघांच्या मधे तपकिरी-करड्या रंगाची केसाएवढी रेघ. काळी नाही, काळी चित्रकथेतली वाटते. ट्रिपल झिरोचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश, श्वास रोखलेला, आणि नेमकं तेव्हाच कुकरची शिट्टी.

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार कधीमधी येऊन बसतात. उमेदीत पट्ट्यांना ब्लँको, म्हणजे पट्टे उजळवायचा लेप, लावण्यात त्यांनी पुष्कळ सकाळी घालवल्या आहेत. माझ्या ऑस्ट्रियनांच्या घोट्याशी मातीचे शिंतोडे असतात, ते त्यांना सोसवत नाहीत. "परेडला असा आला असता ना, तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या." मी म्हणतो, "सुभेदारसाहेब, हे वाग्रामला आहेत. 1809 चा जुलै, दोन दिवसांची लढाई." ते म्हणतात, "मग काय झालं?" या मुद्द्यावर आमचा तह होण्याची शक्यता नाही. मला धुतल्या तांदळासारखा सैनिक खोटा वाटतो, कितीही सुबक रंगवलेला असला तरी.

सावली तपकिरी की निळसर, हा आणखी एक वाद. त्यासाठी मी सकाळी रामकुंडावर जाऊन बसतो. विधीसाठी आलेल्यांची धोतरं, उपरणी, पायऱ्यांवर वाळत घातलेले पंचे, आणि मागे काळा दगड. पांढरा पाहायला याहून चांगली जागा नाशकात नाही. उन्हात सुती धोतर किंचित पिवळं दिसतं आणि चुण्यांत निळसर, कारण सावलीत सूर्य नसतो, आकाश असतं. पण ते सूत आहे, पातळ, बहुधा नीळ दिलेलं. लोकर जाड असते, तिच्या चुण्या कमी आणि गोल, तिला तपकिरीच शोभतो.

म्हणूनच पुढचं काम मला जास्त खुणावतंय. फ्रेंच शिपाई करड्या-पांढऱ्या लोकरीत लढत होते त्याच वर्षांत, 1761 मध्ये, आपली माणसं पानिपतावर होती. इब्राहिमखान गारद्याची पलटण कवायती, पण बाकी फौजेत एकसारखा गणवेश नाही. पांढरा अंगरखा घालायचा म्हटला तर प्रत्येकाचा वेगळा: एक नवा, एक पावसात भिजून वाळलेला, एक वर्षभर दख्खनपासून चालत मळलेला. ऑस्ट्रियनांना एक मिश्रण कालवलं की पलटण पार पडते. इथे दर माणसागणिक नवी वाटी. सौ.ने त्या वाट्या मोजायला सुरुवात केली आहे, आणि त्यातली एक चटणीची होती असं तिचं म्हणणं आहे.